दुपारी गप्प होणारं मशीन

१

चौथ्या मजल्यावरच्या पुरुषांच्या वॉशरूममधलं हात वाळवायचं मशीन पुन्हा बंद पडल्याची तक्रार आली. व्यवस्थापकांनी ती ऐकून घेतली, फोन ठेवला आणि सफाईच्या मावशींना बोलावून कामावरून थांबवलं.

"चौकशी होईपर्यंत येऊ नका," ते म्हणाले.

मावशींनी कमरेची चावी सोडवून टेबलावर ठेवली. "चौकशी करणार कोण?" त्यांनी विचारलं.

त्यासाठी सोमवारी मीटरबाईंना बोलावणं गेलं.

मीटरबाईंनी सगळी नोकरी वीज कंपनीच्या चोरी पकडणाऱ्या पथकात काढली होती. कोणी मीटरला लोहचुंबक लावायचं, कोणी शेजाऱ्याच्या तारेवर आकडा टाकायचं, कोणी देवघराच्या मागून चोरटी वायर न्यायचं. बाई घरात शिरल्या की लोक आधी चहा विचारायचे आणि मग वकील. निवृत्त झाल्यावर चहाही थांबला. घरी त्या एकट्याच. फोन वाजला तर बँकेचा, नाहीतर राँग नंबर. राँग नंबरशीही त्या जरा वेळ बोलायच्या. जेवताना रेडिओ लावायच्या. बातम्यांसाठी नाही, समोर कोणीतरी बोलत असावं म्हणून.

विमा कंपनीच्या त्या कचेरीत त्या सांगितलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी येऊन बसल्या होत्या.

"आमच्या सात इमारती आहेत," व्यवस्थापक सांगू लागले, "आणि सगळीकडे हात पुसायला कागद. आमच्या हिशेबनीसांनी डोक्यात किडा सोडला, की कागद रोज विकत घ्यायचा, साठवायचा आणि ओला झाला की फेकायचा. त्यापेक्षा ड्रायर परवडतील. पैशानेही आणि झाडांच्या हिशेबानेही. मग ठरलं, महिनाभर चाचणी घ्यायची. तिसऱ्या मजल्यावर कागद, चौथ्यावर ड्रायर. जो जिंकेल तो सातही इमारतींत."

"आणि कुस्ती सुरू व्हायच्या आतच एक पैलवान आडवा."

"अगदी! बरं, मशीनवाला येतो दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याच्यासमोर मशीन शहाण्या पोरासारखं चालतं. त्याने मशीन बदलूनही दिलं, तरी तेच. शेवटी म्हणाला, साहेब, रोग मशीनला नाही, कोणाच्या तरी हाताला आहे."

स्विच बाहेरच्या बोळातल्या कपाटात होते. त्याच कपाटातून पाण्याचे पाइप वरपासून खालपर्यंत गेले होते. चाव्या चार. एक व्यवस्थापकांची, एक मशीनवाल्याची, एक चाचणीचे प्रमुख म्हणून हिशेबनीसांची आणि एक मावशींची.

"मग मावशीच का?"

"कागद गेला की कचऱ्याचे डबे गेले, आणि सफाईच्या दोघींचं काम एकीवर येणार. हे त्यांना कळत नाही असं नाही. शुक्रवारी दुपारी शिपायाने त्यांना ते कपाट उघडताना पाहिलं. थोड्याच वेळात तक्रार आली."

मीटरबाई वॉशरूममध्ये गेल्या. तिथे दोन ड्रायर होते. एक आतल्या भिंतीवर, एक खिडकीजवळ. त्यांनी आतल्याखाली हात धरले. असा काही आवाज झाला की आरसा थरथरला.

"बंद पडतं ते हेच," दारातून व्यवस्थापक ओरडले.

"आणि खिडकीजवळचं?"

"ते एकदाही नाही."

"दोन्हींचे स्विच एकाच कपाटात?"

"शेजारी शेजारी."

मीटरबाई हात चोळत उभ्या राहिल्या. "गंमत आहे," त्या म्हणाल्या. "चोर भांड्यांच्या फळीपाशी गेला आणि एकच वाटी घेऊन परत आला."

२

त्या संध्याकाळी बाईंनी व्यवस्थापकांची चावी मागून घेतली आणि कपाटात पाइपांच्या आड, आतल्या मशीनच्या तारेवर आपला जुना तपासमीटर बसवला. वीज कधी होती आणि कधी नव्हती, एवढंच तो सांगायचा. त्याबद्दल त्या कोणापाशी बोलल्या नाहीत.

मंगळवारी सकाळी कागदवाला आला. जाडजूड, घामाघूम, दोन्ही बगलांत खोकी.

"माझ्यावर संशय येणारच," तो स्वतःहूनच म्हणाला. "सात इमारतींची ऑर्डर जाते म्हटल्यावर झोप उडणार नाही का? पण बाई, एक सांगा. त्या मशीनला लागणारी वीज काय आकाशातून पडते? कुठेतरी कोळसा जळतोच ना? माझा कागद निदान रद्दीपासून बनतो."

"आणि हात पुसल्यावर?"

तो जरा ओशाळला. "कचऱ्यात. ओला कागद परत कोणी घेत नाही. आणि लोकही असे, की जिथे एक पुरतो तिथे तीन ओढतात. त्यामुळे माझं घर चालतं, खोटं कशाला बोलू?"

"तुम्ही दुपारी कधी येता?"

"दुपारी? दुपारी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला असतो, शाळांना माल देत."

मशीनवाला त्याच्या मागोमागच आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलणं पाठ केल्यासारखं. आपलं मशीन झाडं वाचवतं, जंतू मारतं, पैसे वाचवतं, हे त्याने श्वास न घेता सांगितलं.

"जंतू मारतं?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे… पसरवत नाही."

"नक्की?"

"तसं छापलंय आमच्याकडे," तो म्हणाला आणि हसला. मग एकदम खरं बोलला. "बाई, या मजल्यावर येऊन येऊन मी कंटाळलोय. प्रत्येक खेपेला पेट्रोल माझं. हे मशीन बंद पाडून मला काय मिळणार?"

दोघेही गेले. चौथा मजला त्या दिवशी ओस पडला होता. सगळे प्रशिक्षणासाठी दुसऱ्या इमारतीत गेले होते, व्यवस्थापकही. मशीनवालाही दिवसभर तिकडेच नवी मशीनं दाखवणार होता. इथे मागे राहिले फक्त हिशेबनीस. महिनाअखेरीचं काम आहे, असं ते म्हणाले होते.

बाई मावशींच्या घरी निघाल्या. वाटेत त्यांना वाटलं, कागदवाल्याला कागद जिंकायला हवा असता तर त्याने दोन्ही मशीनं पाडली असती. मावशींनाही तेच लागू. मग एकाच मशीनचा राग कोणाला?

३

मावशींची खोली तळमजल्यावर होती. खिडकीत बसून त्या एक जुना स्वेटर उसवत होत्या.

"माझ्या हाताला काम नसलं की मला वेड लागतं," त्या म्हणाल्या. "बसा. काय विचारायचं ते सरळ विचारा. आडवळणं नकोत."

"शुक्रवारी कपाट का उघडलंत?"

"मशीन बंद आहे म्हणून कोणीतरी करवादत होता. म्हटलं, बघू तरी. स्विच खाली पडलेला. मी वर केला. बंद नाही केला, चालू केला! पण ऐकतंय कोण? शिपायाने उघडताना पाहिलं, लावताना नाही पाहिलं. आमचं नशीब नेहमी अर्धंच दिसतं लोकांना."

"मग?"

"मग आत मशीन घों करून सुरू झालं. मी कपाट लावणार, तेवढ्यात पाइपांच्या मागून आवाज आला." मावशींनी उसवायचं थांबवलं. "पुरुषाचा आवाज. अगदी काकुळतीला आलेला. म्हणत होता, 'मी कुठेही जात नाहीये गं. इथेच आहे मी. इथेच आहे.'"

"कोणाचा आवाज?"

"नाही ओळखता आला. त्या पाइपांतून सगळ्या मजल्यांचे आवाज येतात, कोण कुठे बोलतंय पत्ता लागत नाही. मला भीतीच वाटली. कपाट लावलं आणि खाली गेले. परत वर येते तर मशीन पुन्हा बंद."

"हे व्यवस्थापकांना सांगितलंत?"

"भिंत बोलते म्हणून सांगू? कामावरून काढतायत तेवढं पुरे. वेडी ठरवून कशाला घेऊ?" मावशींनी पुन्हा धागा ओढला. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, चोरी-लबाडीचा डाग लागला तर या वयात मला कोणी दारात उभं करणार नाही. तेवढं बघा."

४

बुधवारी सकाळी मीटरबाईंनी हिशेबनीसांच्या दारावर टकटक केली. त्यांची खोली वॉशरूमला लागून होती. चिंचोळी, नीटनेटकी, एक टेबल, एक खिडकी, गोल तबकडीचा जुना काळा फोन. हिशेबनीस नुकतेच हात धुऊन आले होते आणि घडी केलेल्या पांढऱ्या रुमालाने एकेक बोट पुसत होते.

"तुम्ही कागदाच्या बाजूचे की वाऱ्याच्या?" बाईंनी विचारलं.

"रुमालाच्या," ते हसले. "आयुष्यात ना तुमचा कागद ओढला ना त्या मशीनखाली हात धरले. माणशी दोन रुमाल दिले असते तर ही चाचणीच नको होती. पण ते कोणाला पटायचं नाही. लोकांना हात पुसायचे असतात, रुमाल धुवायचा नसतो."

"तरी ड्रायरची शिफारस तुमचीच."

"हो. कारण आकडे तसं सांगतात." ते पुढे झुकले, विषय त्यांचा होता. "बाई, ड्रायरला लोक हिरवा म्हणतात, तो हिरवा नाही. कमी काळा आहे, इतकंच. कागदाचं जे काही पाप आहे ते तो कारखान्यात बनतानाच झालेलं असतं. लगदा, पाणी, मग वाहतूक, शेवटी कचरा. ड्रायरचं पाप थेंबाथेंबाने होतं, दर वापराला थोडी वीज. जुनी, गरम हवा सोडणारी मशीनं घेतली तर फारसा फरक पडत नाही. ही नवी, जोराच्या वाऱ्याची घेतली तर पडतो. ती आवाज मात्र…" ते थांबले. "आवाज करतात."

"मशीन बंद असतं त्या दुपारी हिशेबात कशा धरता?"

"धरतच नाही. नाहीतर विजेचा खर्च फुकटचा कमी दिसेल आणि निकाल खोटा लागेल. मशीन बंद असेल ती दुपार मी दोन्ही मजल्यांच्या हिशेबातून काढून टाकतो. कालचीही काढली."

"चोख काम आहे," बाई म्हणाल्या.

"कामात लबाडी जमत नाही मला," हिशेबनीस म्हणाले, आणि का कोण जाणे, त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

बाई तिथून थेट कपाटाकडे गेल्या आणि तपासमीटर काढून पाहिला. मग खाली व्यवस्थापकांकडे.

"काल मशीन बंद असल्याची तक्रार आली होती?"

"करणार कोण? अख्खा मजला प्रशिक्षणाला होता."

"हिशेबाला विजेचे आकडे कोण देतं?"

"पहारेकरी. तळमजल्यावरचा मीटर बघून रोज जेवणाआधी आणि संध्याकाळी सांगतो. पूर्ण मजल्याचा एकच आकडा."

"आणि हिशेबनीसांनी कधी काही मागितलं होतं तुमच्याकडे? हल्लीच?"

व्यवस्थापक आठवू लागले. "खोली बदलून मागितली होती. ड्रायर बसवल्यावर आठवड्याभरात. उजेड कमी आहे म्हणाले. त्या खोलीला चांगली मोठी खिडकी आहे हो! मी म्हटलं, खरं कारण सांगा. तर विषयच बदलला."

मीटरबाई उठल्या. "मावशींना निरोप पाठवा, कामावर या म्हणून. काल दुपारी ते मशीन कोणीतरी बंद केलं होतं आणि संध्याकाळी परत चालू केलं होतं. मावशींची चावी शुक्रवारपासून तुमच्या खणात आहे."

"मग कोणी केलं?"

"ते त्यांनाच तुम्हाला सांगू दे," बाई म्हणाल्या.

५

जेवणाची सुट्टी संपली तसं बाईंनी पुन्हा तेच दार वाजवलं. वॉशरूममध्ये कोणीतरी मशीनखाली हात धरून ते चालत नाही म्हणून कुरकुरत होतं.

"आत्ताच बंद करून आलात," बाई खुर्चीत बसत म्हणाल्या.

हिशेबनीसांनी रुमालाची घडी मोडून पुन्हा घातली.

"काल मजल्यावर कोणी नव्हतं. मशीन बंद आहे हे कोणी पाहिलं नाही, कोणी सांगितलं नाही. तळमजल्याच्या मीटरवरूनही ते कळत नाही. तुम्ही स्वतः ते मशीन वापरत नाही. तरी काल ते बंद होतं हे तुम्हाला माहीत होतं. हे दोघांनाच माहीत असणार होतं. एक माझा मीटर, आणि दुसरा स्विच पाडणारा." त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केली. "खिडकीजवळच्या मशीनला तुम्ही हात लावला नाही, कारण ते या भिंतीवर नाही. दुसऱ्या कोणाला हरवायचं असतं तर निकाल बिघडू दिला असता. तुम्ही तर मशीन पाडून वर हिशेबही सांभाळलात. फक्त एक कळत नाही. दुपारीच का?"

हिशेबनीसांनी काळ्या फोनवर हात ठेवला.

"ती या वेळेला फोन करते," ते म्हणाले. "मजला रिकामा असला तरी स्विच पाडल्याशिवाय मला धीर होत नाही."

त्यांची बायको दूरच्या एका शुश्रूषागृहात होती. कचेरीत सगळ्यांना वाटायचं, ती मुलाकडे परदेशात आहे, मजेत आहे. तसं त्यांनीच सांगितलं होतं. आधी एकदा, मग दर वेळी.

"विसरत चाललीय. मुलाचं नाव गेलं. माझंही गेलं. पण हा नंबर राहिलाय. लग्न झाल्यापासून इथेच फोन करायची ना, येताना काय आणायचं ते सांगायला. जेवण झालं की तिचं डोकं जरा निवळतं. मग स्वतःच्या बोटाने नंबर लावते."

"तुम्ही का नाही करत? मोबाइलवरून?"

"केला होता. ओळखत नाही. कोण परका माणूस म्हणून ठेवून देते. नंबर तिने लावला तरच पलीकडे मी असतो." त्यांनी फोन जवळ ओढला. "एकदा बोलताना हे मशीन सुरू झालं. म्हणाली, विमान आलं का? तुम्ही निघालात? मला न सांगता निघालात? मी किती समजावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोन दिवस जेवली नाही, असं तिथल्या नर्सने सांगितलं."

"मशीन दुसऱ्या भिंतीवर घ्या म्हणायचं."

"का, म्हणून विचारलं असतं."

"मग सांगायचं!"

"काय सांगू? इतकी वर्षं हसत हसत 'सगळं छान चाललंय' म्हणत आलो. आता अचानक…"

मीटरबाईंना त्यांची कीव आली, आणि रागही आला. कीव बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "तुम्ही इकडे 'मी इथेच आहे' म्हणत होतात, आणि तिकडे मावशींना घरी बसवलं. त्यांना कोण आहे, काय आहे, विचारलंत कधी?"

"रोज ठरवतो, आज सांगतो म्हणून."

"मग आजच."

हिशेबनीस उठले. दारापर्यंत गेले आणि थबकले. त्यांची नजर फोनवर होती.

"जा तुम्ही," बाई म्हणाल्या. "वाजला तर मी उचलते."

६

बाईंनी टेबलावरचे कागद सरळ केले, मग पुन्हा होते तसे केले. फोन वाजला तेव्हा त्या दचकल्याच. दुसऱ्याच्या बायकोशी काय बोलायचं असतं?

"हॅलो?"

पलीकडे आधी नुसता श्वास. मग बारीक, सुकलेला आवाज. "ते आहेत का?"

"आहेत. जरा बाहेर गेलेत. येतीलच."

"विमानाने?"

"नाही हो," मीटरबाई म्हणाल्या. "जिन्याने. खालच्या मजल्यावर गेलेत."

"जिन्याने गेलेत म्हणजे येतील," आवाज म्हणाला.

"येणारच. लिफ्टही आहे."

"तुम्ही कोण?"

"मी मीटर बघायला आलेय."

"बघा, बघा. आमचं बिल कधी थकलं नाही." आवाजात जरा यजमानीण आली. "उन्हातून आलात. चहा घेणार?"

मीटरबाईंनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. "घेईन की," त्या म्हणाल्या. "साखर कमी."

मग ती बाई चहाबद्दल बोलत राहिली, पितळेच्या एका भांड्याबद्दल, गळक्या नळाबद्दल, कोणा एका मुलीबद्दल जी बहीण होती की शेजारीण ते नीट कळत नव्हतं. मीटरबाई हो हो म्हणत होत्या. जिन्यावर पावलं वाजली, दार उघडलं. हिशेबनीसांचा चेहरा उतरला होता, पण मान खाली नव्हती. बाईंनी रिसीव्हर पुढे केला.

"आले बरं का," त्या फोनमध्ये म्हणाल्या.

"थांबा," पलीकडून आवाज आला. "पुन्हा कधी येणार मीटर बघायला?"

"दर महिन्याला येते मी," मीटरबाई म्हणाल्या.

पुढे काय व्हायचं ते झालं. हिशेबनीसांना लेखी समज मिळाली आणि मशीनवाल्याच्या खेपांचा खर्च त्यांच्या पगारातून कापला गेला. मशीन खिडकीच्या बाजूला सरकवायला एक सकाळ पुरली. ते त्यांनी आधीच मागितलं असतं तरी एक सकाळच लागली असती. मावशी कामावर परतल्या. हिशेबनीस त्यांच्याकडे जाऊन माफी मागून आले. मावशींनी ऐकून घेतली, पण कित्येक दिवस हिशेबनीसांच्या खोलीचा केर काढताना त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. चाचणी नव्याने झाली. ड्रायर जिंकले, फार मोठ्या फरकाने नाही. कागदवाल्याच्या सहा इमारती गेल्या, फरक थोडा म्हणून एक त्याच्याकडे राहिली. दोघींचं काम एकीवर आणू नये, असं निकालाच्या खाली हिशेबनीसांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि ते मान्य झालं.

मीटरबाईंचे पैसे पोस्टाने आले. त्या कचेरीशी त्यांचा संबंध संपला. रेडिओ होता, जेवण होतं, बँकेचे फोन होते.

पुढच्या महिन्यात त्या इमारतीत त्यांचं काहीच काम नव्हतं. दुपारचं जेवण आटोपल्यावर त्यांनी चपला घातल्या आणि त्या निघाल्या.